किल्ली माझ्या दप्तरात आहे

आई-बाबा, गाडीची सर्व्हिसिंग शेवटची कधी केली होती? सकाळचा प्रकार ऐकून मैत्रिणींनी पैज लावलीय, 'हे घरी विचारून दाखव.' आज सकाळी शाळेच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. हँडब्रेक ओढल्यावर गाडी कशीबशी फाटकापाशी थांबली. बाबा हसून म्हणाले, "आईला सांगू नकोस हं." पण बाबा, मी आईला सांगणारच. महिनाभर ब्रेक किंचाळतोय आणि आपण सगळे रेडिओ मोठा करून गाणी म्हणतोय. आई, चार वाजता तू छोटूला बालवाडीतून आणायला त्याच गाडीने निघणार, म्हणून मधल्या सुट्टीत धावत घरी आले. त्याला चालत आण. गॅरेजवाल्या काकांना बोलावलंय. ते गाडी नीट तपासेपर्यंत मी किल्ली देणार नाही, रागवा हवं तर.