सिद्धूचा कौल

७ नोव्हेंबर १९६६
मान हलली! मी धरून हलवली नाही, सिद्धूनं स्वतः हलवली! "गूळ हवा?" म्हटलं आणि खालीवर मान. खडा दिला. पुन्हा विचारलं, पुन्हा मान! मी अंगणातच उडी मारली. सांगलीच्या कॉलेजातल्या लेक्चरर बाईनं असं करू नये. त्याची आई मुक्ताबाई पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, कळलं नाही.

सात वर्षांचा पोरगा. बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, तासन्‌तास डोलतो, थाळी गरागरा फिरवतो. माझ्या इंग्रजी पुस्तकांत याला ऑटिझम म्हणतात. शिराळ्याच्या अलीकडच्या या गावात म्हणतात, देवाचं लेकरू. पुण्याला माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना कळवायला हवं. ते म्हणाले होते, "संशोधन उंदरांवर करा. उंदराला नातेवाईक नसतात."

१० नोव्हेंबर
सांगलीची एसटी उसाच्या गाड्यांमागे रखडली. कंडक्टर ओरडला, "नंदीबैलाच्या बाई, उतरा!" गावानं मला हेच नाव ठेवलंय म्हणे. गूळ देऊन मान हलवायला लावते म्हणून. चिडले. मग विचार केला, शास्त्रीयदृष्ट्या त्यात काही चूक नाही. आणखी चिडले.

१७ नोव्हेंबर
घोटाळा! दारात ही रांग! सिद्धूचे थोरले चुलते हंबीरराव ओसरीवर बसून एकेकाला आत सोडत होते. हेच घरचे कर्ते, आणि यंदा ग्रामपंचायतीला उभे. सिद्धू म्हणे कौल देतो! पूर्वी नुसता डोलायचा, त्याचा अर्थ कुणाला लागत नसे. आता मान हलवतो, स्वच्छ. "तुमच्यामुळं देव मोकळा झाला, बाई!" नैवेद्य काय? गूळच!

मी घसा फोडून सांगितलं, तो गुळाला मान हलवतो. काहीही विचारा, हो म्हणेल.
"मग? देव कशाला न्हाई म्हनंल?"


२४ नोव्हेंबर
गावात आनंदीआनंद. सगळ्यांना होकार! हंबीरराव निवडून येणार. त्यांच्या विरोधातले लालासाहेबही येणार — ते मागच्या दारानं आले होते, मोठी ढेप घेऊन. बनुबाईच्या मुलीचं लग्न दोन घरी ठरलंय. केरबानं म्हैस विकू का विचारलं, हो. घेणाऱ्यानं परत करू का विचारलं, त्यालाही हो. आता केरबा मला बघून थुंकतो. सिद्धूचं पोट बिघडलंय. प्रयोगाचं तर बोलायलाच नको.

१ डिसेंबर
हसणं संपलं. डोंगरावरच्या मठाचे महाराज येऊन गेले. दत्तजयंतीला सिद्धूला मठाला द्यायचं ठरलं. कायमचं! "आमच्या माघारी त्येला कोन बघनार, बाई? तितं देवासारखा ऱ्हाईल." बोलताना हंबीररावांचे डोळे भरले होते. धड रागावताही येईना. सिद्धूचे वडील पलटणीत, जम्मूला. त्यांनी पत्रात लिहिलंय, दादा म्हणतील तसं.

मुक्ताबाईला विचारलं, तुम्हांला काय वाटतं?  भाकरी थापता थापता ती हळूच म्हणाली, "माझा अंगठा धरल्याबिगर झोपत न्हाई त्यो. मठात कुनाचा धरंल?"
एसटीत रडत आले. हा घोळ माझ्याच गुळानं घातलाय.

२ डिसेंबर
उपाय सुचला! नेण्याआधी सगळ्यांसमोर सिद्धूचा कौल घेणार आहेत. तोवर त्याला 'नाही' शिकवायचं. हो शिकला, तसं नाहीही शिकेल. कॉलेजात रजा टाकली. कारण लिहिलं — आजारपण. खरं लिहिलं असतं तर नोकरीच गेली असती.

५ डिसेंबर
पद्धत अशी — मी कारल्याची फोड पुढे करून विचारायचं, "हवं?" मुक्ताबाईनं मान आडवी हलवत मोठ्यानं "न्हाई!" म्हणून दाखवायचं. सिद्धूनं तसंच करायचं. केलं की शाबासकी.

सिद्धू बरा चाललाय. मुक्ताबाई नापास! तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. "थोरलं भावजी वसरीवर हायती. न्हाई कसं म्हनू?"
"अहो, कारल्याला म्हणायचंय!"
"तरी बी."

१२ डिसेंबर
मुक्ताबाईला गोठ्यात नेलं. म्हशीला न्हाई म्हणता आलं! आवाज मात्र डासाएवढा.

२० डिसेंबर
सिद्धू पक्का तयार. कारलं? मान आडवी. "मठात जायचं?" आडवी! ही शुद्ध लबाडी आहे, सरांना कळलं तर प्रबंध चुलीत घालतील. घालू देत.

२६ डिसेंबर, दत्तजयंती


ताशा, गुलाल, अख्खं गाव. सिद्धूला भगवी कफनी, दोन्ही कान गच्च दाबून उभा. हंबीरराव पुढे झाले. हातात गूळ नव्हता, पेढा होता! साताऱ्याचा कंदी पेढा! 
"सिद्धूबाळा, मठात जायाचं न्हवं?"
सिद्धूनं पेढ्याकडे बघितलं. आणि मान हलवली. खालीवर. जोरात!

जयजयकार झाला.  सगळं संपलं.

तेवढ्यात — "न्हाई!"
ताशा थांबला. मुक्ताबाई! डोईवरचा पदर घसरलेला, भानच नव्हतं. "न्हाई! माझं लेकरू मी देनार न्हाई!"
"आगं, कौल दिलाय त्येनं!"
"पेढ्याला दिलाय!"
सात वर्षांचं धूड तिनं कडेवर घेतलं. हंबीरराव गरजले, "ह्या घरात ऱ्हायाचं आसंल तर..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती उंबऱ्याबाहेर होती. मी तिची ट्रंक घेऊन मागे धावले. दोघं आता सांगलीला माझ्या खोलीत आहेत. घरमालकीणबाईंना सांगितलं, वाईची मावसबहीण.

१९ जानेवारी १९६७, सांगली
सकाळी पाट मांडला. "चल सिद्धू, अभ्यास!" तो थाळी फिरवत होता. थांबला. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.
"न्हाई."
बोलला! जन्मातला पहिला शब्द, तोही माझ्या तोंडावर! सूर अगदी आईचा. मुक्ताबाई पिठाच्या हातांनीच डोळे पुसायला लागली. "आता वो, बाई?"
"आता काय? न्हाई म्हणाला ना तो? आज सुट्टी."