गोदामाच्या आगीतला तिसरा माणूस

सोमवार, ३ जून

पुन्हा बाकावर! पत्रकारिता शिकवणाऱ्यांसाठी आठ दिवसांचं प्रशिक्षण. प्राचार्यांचा हुकूम, त्यामुळे सुटका नाही. एकोणीस वर्षं मी बातमीलेखन शिकवतेय, आता मला कोण काय शिकवणार? निरनिराळ्या कॉलेजांतले आम्ही चोवीस जण, आणि चोवीसच्या चोवीस मागच्या बाकांवर. पुढचे दोन बाक रिकामे. आमची मुलं असं करतात तेव्हा आम्ही केवढे डाफरतो!

प्रशिक्षक बाई पस्तिशीची. एका पेपरात बातम्या छापण्याआधी तपासायचं काम करायची. आवाज मऊ, नजर मात्र कस्टमवाल्याची.

मंगळवार, ४ जून

दिवसभर वर्गात झोप आली नाही. हेच आश्चर्य.

बुधवार, ५ जून

गृहपाठ मिळाला. वर्गात दर वर्षी सांगतो असा स्वतःचा एक किस्सा निवडायचा, विद्यार्थ्याची बातमी तपासतो तसा तपासायचा, दोन पुरावे आणायचे आणि सोमवारी सगळ्यांसमोर वाचायचं. शेजारचे दाढीवाले सर पुटपुटले, "माझ्या किश्श्यातले सगळे वारलेत हो. आता पुरावा कुठून आणू?" चेहऱ्यावर मात्र सुटल्याचा आनंद.

मी निर्धास्त. माझा किस्सा म्हणजे कापडाच्या गोदामाची आग! मी तेव्हा नवी वार्ताहर. पोलीस म्हणाले तीन मृत, सगळ्या पेपरांनी तीन छापलं. मी एकटी इस्पितळात गेले, स्वतः मोजलं. दोन. फक्त आमचा पेपर बरोबर निघाला. एकोणीस तुकड्यांनी ऐकलाय हा किस्सा. निरोपसमारंभात मुलं माझी नक्कल करतात ती त्यातल्याच "स्वतः मोजलं!" ची.

शुक्रवार, ७ जून

कॉलर ताठ करून जुन्या पेपरच्या ऑफिसात गेले. बांधीव फाइल काढून दिली त्यांनी. पहिलं पान, माझ्या नावानिशी बातमी – "गोदामाच्या आगीत तीन मृत".

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तीनच! तिसरा, गोदामाचा पहारेकरी, नाव-वयासकट. त्यानंतरच्या अंकात, चौथ्या पानावर, हवामानाखाली चार ओळींची दुरुस्ती. पहारेकरी सुखरूप आहे, चुकीबद्दल दिलगीर आहोत.

घरी कशी आले कळलं नाही. जेवले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.

शनिवार, ८ जून

आमचे तेव्हाचे डेस्कप्रमुख गाठले. आता ऐंशीचे आहेत, कुंड्यांना पाणी घालत होते. विचारलं तर पाण्याचा झारा खाली ठेवून हसायलाच लागले. "अगं, तो पहारेकरी त्या दिवशी पाळी सोडून बहिणीकडे गेला होता. सकाळी त्याच्या घरी माणसं रडायला आली आणि यानंच दार उघडलं! मग पेपर हातात घेऊन आपल्याकडे हजर. म्हणे, दुरुस्तीसोबत माझा फोटो छापा, हसरा."

"आणि बाकीचे पेपर?"

"त्यांनी दोनच छापलं होतं. तीनवाली तू एकटी. मग मी तुला इस्पितळात पिटाळलं, जा, स्वतः मोजून ये म्हटलं."

म्हणजे मोजलं होतं मी. पण दुसऱ्या दिवशी. ते वाक्यसुद्धा त्यांचं!

निघताना म्हणाले, "त्याच्या आईनं मात्र तुला फार शिव्या घातल्या हो." हे ऐकून खूप वाईट वाटलं. त्या बाईचा मी एकोणीस वर्षांत एकदाही विचार केला नव्हता.

रविवार, ९ जून

प्रशिक्षक बाईला फोन केला. ती म्हणाली, "हवं तर दुसरा किस्सा घ्या. सक्ती नाही." जीव भांड्यात पडला. मंत्र्याच्या बुटांचा किस्सा आहे की माझ्याकडे – खरा, निरुपद्रवी, दोन साक्षीदार हयात. सुवाच्य अक्षरात लिहूनही काढला.

मग राहवेना म्हणून नवऱ्याला आगीचं सांगितलं. तो वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणाला, "माहीत आहे. लग्नाआधी तूच रडत रडत सांगितलं होतंस."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे."

सोमवार, १० जून

पर्समध्ये दोन्ही कागद. उभी राहिले आणि आगीचाच वाचला. पहारेकऱ्यानं दार उघडलं तिथे हॉल हसत सुटला. हसून हसून माझ्याच डोळ्यांत पाणी. मग दाढीवाले सर उभे राहिले. "माझ्या किश्श्यातले," घसा खाकरून म्हणाले, "सगळे वारलेले नाहीत."

शुक्रवार, १४ जून

प्राचार्य भेटले. "सोमवारी दोन्ही वर्षांची मुलं एकत्र बसवतोय. तुमची आग होऊन जाऊ द्या. कॉलेजचं नाव आहे त्या किश्श्यावर." परक्या चोवीस मास्तरांपुढे हसणं वेगळं आणि आपल्या मुलांपुढे उघडं पडणं वेगळं. त्यानंतर मला कोण मानणार?

सोमवार, १७ जून

सांगितलं. पहिल्या पानासकट, पहारेकऱ्याच्या आईसकट. नवी मुलं खो-खो हसली. दुसऱ्या वर्षाची, गेल्या वर्षी जुना किस्सा ऐकलेली, माझ्याकडे बघत राहिली. प्राचार्य मागच्या बाकावर होते, चेहरा एवढासा झाला होता त्यांचा. मला मात्र दुपारी सपाटून भूक लागली!

बुधवार, १९ जून

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी खोलीत आली. गेल्या वर्षी जिच्या बातमीला मी पहिलं बक्षीस दिलं, ती. दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मॅडम, त्या बातमीतली आजी मी बनवली होती. मी तिथं गेलेच नव्हते."

एकोणीस वर्षांत चूक घेऊन माझ्या दारात आलेली ही पहिलीच.