पिकअपला बाहेरचा हात नाही

१४ सप्टेंबर, रविवार
पिकअप आज पुन्हा बंद पडली. चौफुल्याच्या अलीकडं. चालता चालता धाप लागल्यासारखं करते आणि गप्प होते. वीस मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशी सुरू. शितल म्हणाली, पाटसच्या ज्योतिबा मिस्त्रीला दाखवा. बायकोचं ऐकून घ्यावं, म्हणून ऐकून घेतलं. पण कोरेगाव भीमाच्या कंपनीत मी अठरा वर्षं काढली आहेत. स्टोअरला होतो हे खरं. पण बेअरिंग, गॅस्केट, पट्टा, जे जे मशीनला लागलं ते माझ्या सहीनं गेलं.
निश्चय: पिकअपला बाहेरचा हात लागू द्यायचा नाही.
शितलचा झेंडू दसऱ्याच्या बाजाराला न्यायचा आहे. विहिरीकडचं एक एकर तिनं यंदा हट्टानं मागून घेतलं. तिचं पहिलंच पीक. अजून पंधरा दिवस आहेत. तेवढ्यात माणूस नवी गाडी जोडेल.

१५ सप्टेंबर
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. निदान: डिझेल फिल्टर. नवा बसवला. लाईनमधली एअर काढताना डिझेल शर्टावर, थोडं डोळ्यात. फाट्यापर्यंत जाऊन आलो, एकदाही बंद नाही. फाटा दीड किलोमीटर आहे, पण जाऊन-येऊन तीन होतात. विषय संपला.

१७ सप्टेंबर, दुपारी
वैष्णवीला दौंडला कॉलेजला सोडायला निघालो. वरवंडला बंद. पोरगी एसटीनं गेली. जाताना म्हणाली, पप्पा, त्यो व्हिडिओ ट्रॅक्टरचा व्हता. इंजिन ते इंजिन, हे तिला अजून कळत नाही.

२० सप्टेंबर
नवं निदान: वायरिंग. सगळ्या वायरी सोडल्या, पुसल्या, जोडल्या. आता ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर लागतो. तसा तोटा काही नाही. मागच्याला कळतं की पुढं काहीतरी होणार आहे.
चालवून पाहिली नाही. कंबर धरली आहे.

२३ सप्टेंबर
फीड पंप खोलला. जोडल्यावर एक वॉशर उरला. आण्णा ओट्यावर बसून सकाळपासून बघत होते. म्हणाले, मारुत्या, कंपनीनं येक जादा घातला व्हता का? वडील आहेत, म्हणून वॉशर खिशात टाकला. शितलनं ज्योतिबाचं नाव पुन्हा काढलं. मी जेवणावरून उठलो. नंतर भूक लागली, पण आता मागणं बरं दिसलं नसतं.

२६ सप्टेंबर, संध्याकाळी
झालं! दौंडला जाऊन आलो आणि एकदाही बंद पडली नाही. टाकीत डिझेल नव्हतंच, म्हणून जाताना पाटसला थोडं टाकलं, दौंडमध्ये थोडं, येताना पुन्हा थोडं. गाडी पाण्यासारखी चालली. पंपच होता. मी म्हणतच होतो.
शितलनं मला न विचारता तिच्या भावाचा, पप्पूचा टेम्पो तीस तारखेला सांगून ठेवला होता. मी पप्पूला फोन केला, येऊ नको म्हणालो. त्यानं दोनदा विचारलं, दाजी, नक्की ना? विश्वास नसलेली माणसं. शितल उठून झेंडूकडं निघून गेली. समाधान झालं असावं.

३० सप्टेंबर, मंगळवार
सकाळपासून तोडा. बासष्ट क्रेट. बायकांच्या बरोबरीनं शितल उन्हात वाकून होती. वाटेत खोळंबा नको म्हणून मी टाकी फुल्ल केली. दुपारी तीनला पुण्याला निघालो.
यवतच्या अलीकडंच बंद.
वीस मिनिटांनी सुरू. सहा किलोमीटरवर बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी बॉनेट उघडून फिल्टर, वायरिंग, पंप असं क्रमानं सगळं पाहिलं. ताडपत्रीखाली फुलं गरम व्हायला लागली होती. शितलनं पप्पूला फोन लावला. तो शिरूरची फुलं भरून निघून गेला होता. फोन ठेवून ती केबिनमध्ये सरळ समोर बघत बसली. मी म्हणालो, होईल. ती म्हणाली, आवं, मी आषाढापास्नं त्या फुलांत हाय. एवढंच. आवाजही चढवला नाही.
मग तिनंच ज्योतिबाला फोन केला.
तो मोटारसायकलवर आला. बॉनेटकडं गेलाच नाही. शितलला विचारलं, वहिनी, डिझेल टाकल्यावर बरी चालते का? ती म्हणाली, व्हय, थोडा येळ. त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज झाला. झाकणाखाली दोन पदरी प्लास्टिक होतं, वर रबर.
ते मीच लावलं होतं. जूनमध्ये, पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून. कल्पना वाईट नव्हती. ज्योतिबा म्हणाला, मारुतराव, टाकीला वरनं हवा लागती. न्हाई मिळाली की डिझेल खाली येत न्हाई. झाकण काढायला पायजे व्हतं, बाकी कायबी न्हाई. तो हसला असता तर मला राग तरी आला असता. तो हसला नाही. प्लास्टिकची घडी करून माझ्या हातात दिली.
शितलनं त्यालाच चालवायला सांगितलं. केबिनमध्ये तिघं मावतात, पण मधे तिनं डबा आणि पिशवी ठेवली. मी त्याची मोटारसायकल घेऊन घरी आलो.

१ ऑक्टोबर
फुलं वेळेत पोचली. भाव चांगला लागला, असं वैष्णवीकडून कळलं. खरं पाहता मी आधी बाकीच्या सगळ्या शक्यता संपवल्या, म्हणून ज्योतिबाला एकाच ठिकाणी बघावं लागलं. हे शितलला सांगावं का, विचार करतो आहे.
सायंकाळी खंडेनवमीची पूजा. शितलनं माझे पाने-पकड पुजले आणि कपाटात ठेवले. किल्ली तिच्याकडं.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी पिकअप धुतली, हार घातला. नारळ ज्योतिबाच्या हातनं फोडायचा, असं शितलनं ठरवलं होतं. तो नवा सदरा घालून आला. आण्णांनी त्याला खुर्ची दिली. मला तांब्याभर पाणी आणायला सांगितलं.
आणलं.