जूनपासूनचा हुद्दा

होळी, वसई
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय आग्नेल,

माझं अक्षर बघून दचकशील. होळीहून गोखिवऱ्याला रिक्षाने अर्धा तास लागत नाही, तरी आपल्यात नऊ वर्षं शब्द नाही. म्हणून आधी बातमीच सांगते. काल दिल्लीहून आदेश आला. तुझा दादा आता कागदोपत्री लेफ्टनंट कर्नल झाला.

तुला ठाऊकच आहे, तेरा वर्षं नोकरी भरली आणि वैद्यकीय तपासणी पार पडली की मेजरला तो हुद्दा मिळतो. ज्युलियसची तेरा वर्षं २०१६च्या जूनमध्ये भरली. तपासणी मेमध्ये होती, पण तुझ्या लग्नासाठी तो रजेवर आला आणि ती राहिली. पुढची तारीख ऑगस्टची मिळाली. जुलैत त्याची जीप दरीत गेली. माझं पेन्शन मेजरच्या बायकोचं ठरलं. त्यात आणि माझ्या शिकवण्यांत आमच्या जेन्सनचं शिक्षण कसंबसं बसवलं. पण खरं सांगू, प्रत्येक फॉर्मवर 'मेजर' लिहिताना हात अडायचा.

दोन अर्ज फेटाळले गेले. तिसऱ्या वेळी त्याच्या जुन्या कमांडिंग ऑफिसरांनी लिहून दिलं, की तपासणी पुढे ढकलायला त्यांचीच मंजुरी होती. आदेशात म्हटलंय, उशिरात अधिकाऱ्याचा दोष नाही; हुद्दा जूनपासून धरावा आणि पत्नीचं पेन्शनही त्याप्रमाणे द्यावं. ते वाक्य मी पोस्टमनसमोर उभ्यानेच वाचलं. मग आत येऊन पोटभर जेवले. रात्री गोळी न घेता झोप लागली.

पण हे पत्र पेन्शनसाठी नाही. अंत्यविधीच्या दिवशी सगळ्या गावासमोर मी तुला म्हणाले होते, "तुझ्या लग्नापायी माझ्या नवऱ्याचा हुद्दा गेला." तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. आग्नेल, तो येणारच नव्हता. तपासणी उरकून नंतर येतो, नव्या नवरीला तेव्हाच भेटतो, म्हणत होता. "सख्ख्या भावाच्या लग्नात तू नसलास तर लोक काय म्हणतील," असा हट्ट फोनवर मीच त्याच्याकडे धरला. तुला बोल लावताना हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या उशिरात दोष नव्हता असं काल कुणीतरी लिहून दिलं, तेव्हा कुठे मला हे कबूल करायचं बळ आलं. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सँड्राला आणि मुलीला घेऊन जेवायला ये. तुझी मुलगी मी अजून पाहिलेली नाही.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच वहिनी,
लविना