कुंकू लावलेला लॅपटॉप

कांजूरमार्ग,
शुक्रवार, दुपार

प्रिय प्रांजल,

फोन केला असता तर तू ‘हो आई, बरं आई’ एवढंच म्हटलं असतंस, मीही कोथिंबिरीचा भाव सांगून फोन ठेवला असता आणि मूळ गोष्ट तशीच राहिली असती. गेला महिनाभर आपलं हेच चाललंय. म्हणून आज वहीची पानं फाडून लिहायला बसलेय. आधी बातमी सांगते. तुझा लॅपटॉप चालू झाला. नवा स्क्रीन बसवला आणि तो मी बसवला. प्रीतमने नाही, दुकानदाराने नाही, मी, तुझ्या एकसष्ट वर्षांच्या सासूने. प्रीतम संध्याकाळी मुलुंडला येईल तेव्हा बॅग घेऊन येईल. भावाकडे त्याचा लॅपटॉप मागून त्या दुबईच्या पोरांना गणित शिकवायची आता तुला गरज नाही.

खरं सांगायचं तर सुरुवात काही चांगल्या मनाने केली नव्हती. तू गेलीस, लॅपटॉप कपाटावर तसाच ठेवून गेलीस, आणि मला तो येता-जाता दिसायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं ते सगळं परत परत आठवायचं. सुगंधा वन्सं जेवायला आल्या होत्या, त्यांची सून होती, शेजारच्या काकी होत्या. तुझा चारचा क्लास म्हणून तू लॅपटॉप उघडलास आणि स्क्रीनवर तड्यांचं हे एवढं मोठं कोळ्याचं जाळं. मी भाजीचं पातेलं हातात घेऊन आले, बघितलं, आणि माझं तोंड सुटलं ते सुटलंच. गादीवर घेऊन लोळतेस, मांडीवर ठेवून जेवतेस, वस्तूची किंमत नाही, माहेरी कोणी वळण लावलं नाही, काय काय बोलले मी. तू एक हात झाकणावर आणि दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटून उभी होतीस. मला वाटलं रागाने मूठ वळलीय, बघा कशी उभी आहे. दुसऱ्या दिवशी चार दिवसांसाठी म्हणून माहेरी मुलुंडला गेलीस आणि दिवाळी तुझ्याशिवाय झाली. चकल्या यंदा मऊ पडल्या. घरात तुझं नाव निघालं की बाप-लेक दोघंही टीव्हीकडे बघायला लागतात.

तर प्रीतमने लॅपटॉप कंपनीच्या दुकानात नेला. त्यांनी अकरा हजार सांगितले. हा म्हणाला, जुनाच आहे, भंगारात देऊ आणि हप्त्यावर नवीन घेऊ. माझं डोकंच फिरलं. लग्नाआधी स्वतःच्या पहिल्या कमाईतून घेतलेली वस्तू तुझी, आणि हा भंगारात काढतोय. मी म्हटलं ठेव तो इथे, मी करते. प्रीतम हसला. तुझे सासरेही हसले. तेव्हा मी मनाशी ठरवलं, हा लॅपटॉप मीच दुरुस्त करणार आणि प्रांजलच्या नाकावर टिच्चून तिच्या हातात देणार. म्हणजे बघ, तेव्हा माझ्या डोक्यात हेच होतं, की तू मोडलंस आणि मी निस्तरतेय.

तुला एक गोष्ट मी कधी नीट सांगितली नाही. तू एकदा विचारलं होतंस, मी त्यात काय सांगायचं म्हणून भाकऱ्या थापत राहिले. बावीस वर्षं मी अंधेरीला सीप्झमध्ये एका कारखान्यात होते. साडी-कपड्यांचं काम नव्हतं ते, इलेक्ट्रॉनिक्सचं. टेलिफोनच्या आतल्या प्लेटा आम्ही बायका जोडायचो. सकाळी आत शिरलं की बांगड्या, मंगळसूत्र सगळं काढून पिशवीत, आणि मनगटाला वायर लावलेला पट्टा, कारण अंगातली वीज नुसती बोटातून गेली तरी प्लेट मरते. केसाएवढ्या तारा चिमट्याने उचलायचो. माझ्या हातचा माल परत येत नसे, हे मी फुशारकीने नाही सांगत, रजिस्टरला होतं. कंपनी बंद झाली, मी घरी आले, पोळपाट-लाटणं हातात घेतलं आणि नंतर कोणी विचारलं की नलिनी काय करायची, तर मी नोकरी होती साधी, एवढंच म्हणत आले. त्या प्लेटा काय आणि तुझा लॅपटॉप काय, भीती वाटायचं कारणच नव्हतं.

फोनवर व्हिडिओ बघितले, एकच व्हिडिओ आठ वेळा. खिडकीजवळ टेबल ओढलं, कारण उजेड तिथेच. वारा फिरला की डम्पिंगच्या कचऱ्याचा वास आत येतो ते तुला माहीत आहे, पण नाक बंद करून चालेल, डोळे नाही. बांगड्या काढल्या. आधी मागचं झाकण खोलून बॅटरीची वायर सोडवली. स्क्रू ठेवायला मिसळणाचा डबा घासून, पुसून, उन्हात वाळवून घेतला. मोहरीच्या वाटीत मागचे स्क्रू, हळदीच्या वाटीत बिजागरीचे, जिऱ्याच्या वाटीत स्क्रीनचे. तुझ्या सासऱ्यांनी दोन दिवस बिनफोडणीची आमटी खाल्ली आणि मालवणीत जे काही पुटपुटले ते मी इथे लिहीत नाही. पण टॉर्च धरला हो त्यांनी, मान अवघडेपर्यंत. स्क्रीनभोवतीची काळी पट्टी प्रीतमच्या जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने कडेकडेने उचकटली. टकटक आवाज करत सुटते ती, प्रत्येक आवाजाला वाटतं वाट लागली. मग चार स्क्रू, मग स्क्रीन हळूच पुढे कीबोर्डवर निजवायचा, आणि मागे चिकटपट्टीखाली जी चपटी वायर असते ती सरळ ओढून काढायची. निघाली.

तेव्हाच एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. सीप्झमध्ये शेवटची चार वर्षं मी तपासणीला होते. वस्तू पडली की मार कोपऱ्याला बसतो, तडा कोपऱ्यातून निघतो. तुझ्या स्क्रीनचे कोपरे चारही धड होते. सगळे तडे खालच्या बाजूला, मधोमध एका बिंदूपासून निघाले होते. म्हणजे काहीतरी आत टोचलं होतं. मला दिसलं, कळलं, आणि मी ते बाजूला सारलं. हातात काम होतं ना.

आता माझी चूक ऐक. लॅपटॉपच्या पोटाखाली जे नाव-नंबर असतात तेवढे लिहून मी आधीच घाटकोपरहून स्क्रीन घेऊन आले होते. स्टेशनजवळच्या गल्लीत विकी म्हणून एकाचं दुकान आहे, पन्नाशीचा माणूस, तिथे निम्म्याहून कमी पैशात काम होतं. घरी आणून लावायला जाते तर वायरचं तोंड बसेना. एकाच नावाच्या लॅपटॉपात वेगवेगळे स्क्रीन असतात, आणि खरा नंबर जुन्या स्क्रीनच्या पाठीवर असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी खोलायचं, नंबर वाचायचा, मग विकत घ्यायचं. मी उलटं केलं. नशीब की वरचा प्लॅस्टिकचा कागद मी काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी जुना फुटका स्क्रीन टॉवेलात गुंडाळून, नवा त्याच्या खोक्यात घालून, तुझी लॅपटॉपची रिकामी बॅग खांद्याला अडकवून पुन्हा घाटकोपर. विकीने पाठीवरचा नंबर बघितला, मला दोन शब्द सुनावले, मी त्याला चार सुनावले, आणि त्याने बदलून दिला. खोकं बॅगेत जाईना म्हणून नवा स्क्रीन नुसता कागदासकट आत घालायचं ठरलं. विकी म्हणाला, मावशी, कप्प्यात काही टणक नाही ना बघा, दाब बसला तर हाही जाईल. मी हात घालून बघितलं. काय हाताला लागलं ते पुढे सांगते, पण मी त्याच्या स्टुलावरच बसले. त्याने पाणी दिलं. त्याला वाटलं बीपी असेल, मी वाटू दिलं.

त्या दिवशी घरी येऊन काम नाही केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बसले. वायर बसवली, चिकटपट्टी दाबली, बॅटरी परत जोडली, आणि काळी पट्टी लावायच्या आधी चालू करून बघितलं, कारण आधी तपासायचं मग बंद करायचं, हे सीप्झने हाडात भिनवलंय. दोन सेकंद काळं. तुझे सासरे टॉर्च धरून श्वास रोखून उभे. मग उजेड आला, आणि पहिलं काय दिसलं, तर मी. मनोरीच्या बोटीत मी दांडा धरून डोळे मिटून बसलेय आणि तू माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून हसतेयस. तो फोटो तू तिथे लावलायस हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. खाली पासवर्ड मागत होता. आम्ही दोघं तसेच बघत बसलो.

आता मूळ गोष्ट. विकीच्या दुकानात आतल्या कप्प्यात टिश्यूत गुंडाळलेली एक सुपारी मिळाली. कुंकू लागलेली. आपल्या घरात हत्यारांची पूजा ती उघडी मांडून होते, यांची पान्यांची पेटी उघडी, माझं शिलाईचं मशीन झाकण काढून, म्हणून दसऱ्याला तुझा लॅपटॉपही मीच उघडून पाटावर मांडला होता. कुंकू लावलं, अक्षता ठेवल्या, त्यावर सुपारी. आवरताना पूजेच्या पाच सुपाऱ्यांतल्या चारच सापडल्या, मी कपाटाखाली झाडू फिरवला आणि सोडून दिलं. आणि लॅपटॉप मिटताना झाकण नीट बसेना, म्हणून डब्याचं दाबतो तसं मी वरून तळहाताने दाबलं. ते दाबणं माझ्या हाताला आता आठवतंय. मी मोडलं ते, प्रांजल. तू उघडलंस तेव्हा सुपारी समोरच होती, आणि तू ती मुठीत लपवलीस, मग टिश्यूत गुंडाळून बॅगेत ठेवलीस. घरभर माणसं बसली होती, मी तुझ्या आईपर्यंत पोचले होते, एकदा मूठ उघडली असतीस तर माझी मान खाली गेली असती, आणि तू नाही उघडलीस. मी चुकले. मला माफ कर. सुगंधा वन्संना आणि काकींना मी सगळं सांगितलंय, प्रीतमलाही. रविवारी अकरा वाजता वन्संना घेऊन मी मुलुंडला येतेय. जे त्यांच्यासमोर बोलले ते त्यांच्यासमोरच मागे घेणार, आणि तुझ्या आईसमोर, कारण वळणावरून मी तिला बोलले होते. तुला घरी न्यायला येत नाहीये. यायचं की नाही आणि कधी, ते तू ठरव, मी विचारणारसुद्धा नाही. ही पानं मी त्याच कप्प्यात ठेवतेय. सुपारी मात्र परत मिळायची नाही, ती मी तुझ्या टिश्यूसकट माझ्या जुन्या चिमट्याच्या डबीत ठेवलीय.

तुझीच,
आई