चवळीखाऊ उभा राहिला

सेदूदादा,

तुझं नाव पुकारलं गेलं आणि बाबा खुर्चीवरून हललेच नाहीत. राष्ट्रीय नाट्यशाळेला साठ वर्षं झाली म्हणून काल बामाकोत सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं वाचली. जो आला नाही, त्याच्यासाठी घरच्या वडीलधाऱ्यानं उभं राहायचं होतं. मी उठू लागले, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

"नाटक भाटांनी करावं. आपल्या जारांच्या घरात कुणी नट नाही."

तेवढ्यात मागून सितां त्राओरे ओरडली. तीच, तुमचे नाटकाचे कपडे शिवायची ती.

"ए चवळीखाऊ जारा! मालकीण सांगतेय, ऊठ!"

सगळे हसले. त्राओरे आणि जारा या कुळांनी एकमेकांना चवळीखाऊ, गुलाम म्हणत थट्टा करायची, ही वाडवडिलांची रीत. त्यावर रागावता येत नाही आणि थट्टेत मागितलेलं नाकारताही येत नाही. बाबा रीत मोडत नाहीत. तू नट झालास तेव्हा तुला घराबाहेर काढलं, तेही रीत म्हणूनच.

"चवळ्या तुझ्या बापानं खाल्ल्या, गुलाम कुठली!" असं म्हणत ते काठी टेकत उठले. मग सभागृहाकडे वळून म्हणाले, "सेदू जारा. माझा मुलगा. अबिजानला असतो."

तू गेल्यापासून तुझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. ते बराच वेळ उभेच होते. पुढची दोन नावं झाली, तरी बसले नाहीत.

तुझी,
न्येले

ता. क. सकाळी बाबांनी सितांच्या घरी चवळीची पिशवी पाठवली. मग माझ्याकडून तुझा नंबर घेतला आणि अंगणात जाऊन तुला फोन लावला. आता हे पत्र टाकत नाही; सगळं तू त्यांच्याच तोंडून ऐकलं असशील.