आवाज डाव्या चाकातला आहे

३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी सव्वानऊ, डायलिसिस सेंटरच्या बाहेर, व्हॅनमध्ये.
आज व्हॅनने टक केलं. एकदा चर्चच्या कोपऱ्यावर वळताना, एकदा पुलाच्या तोंडाशी खड्ड्यात. आवाज सरळ माझ्या हातात आला. स्टेअरिंग डाव्या बाजूला, म्हणजे बिघाड डाव्या चाकात. निदान पूर्ण. लागलेला वेळ तीन सेकंद.
बावीस वर्षं जहाजावर काढली आहेत. चार मजली इंजिन ऐकलेला कान आहे हा. शनिवारच्या आत काम संपवायचं. कुणाला सांगायचं नाही. विशेषतः डेल्फिनला नाही.

४ सप्टेंबर, बुधवार.
व्हॅनखाली शिरलो. उभी असताना व्हॅन आवाज करत नाही, हा तिचा लबाडपणा. त्यात शेजाऱ्याचे झुंजीचे सात कोंबडे. एक गप्प बसला की दुसरा सुरू. अशा वस्तीत शास्त्रीय काम होत नाही. पाठ अवघडली. उद्या.

५ सप्टेंबर, गुरुवार.
पहाटे साडेचारला नेहमीच्या दोघींना घेऊन शहराकडे निघालो. सासूबाई, म्हणजे नानाय पुरिंग, पुढे माझ्या शेजारी. मागे कोन्सोर्सिया बाई, शाळेतून रिटायर झालेल्या, पण शाळा त्यांच्यातून रिटायर झालेली नाही. दोघींच्या किडन्या गेलेल्या, तोंडं शाबूत. आवाज ऐकायचा आहे, गप्प बसा, असं सांगितलं. दोघींनी मोठ्याने जपमाळ सुरू केली.
चर्चच्या कोपऱ्यावर टक. नानाय म्हणाली, सांतो, हे माझ्या पायाखाली होतंय. मी समजावलं की लोखंडातून आवाज कुठूनही कुठेही जातो. ती म्हणाली, मला ऐकू कुठे येतं, मला पायाला लागतं. एकोणऐंशी वर्षांची बाई, तिच्या पायाला काय कळणार.

६ सप्टेंबर, शुक्रवार.
डाव्या बाजूची लिंक, म्हणजे चाकाजवळचा जोडदांडा, बदलली. अर्ध्या दिवसाचं काम होतं, दीड दिवसाचा घाम गेला. एक नट उरला आहे. कंपन्या जादाच देतात.

७ सप्टेंबर, शनिवार.
आवाज वाढला. म्हणजे जागा बरोबर आहे, औषध लागू पडतंय.

१० सप्टेंबर, मंगळवार.
काल डाव्या शॉकअपच्या डोक्याशी रबर ठासलं. रबर बायकोच्या, नेनिताच्या चपलेचं. बायकोने चप्पल शोधण्यात सकाळ घालवली आणि मला काहीच माहीत नाही असं मी सांगितलं, जे तांत्रिकदृष्ट्या खरं होतं, कारण उरलेली अर्धी चप्पल नक्की कुठे टाकली ते मला आठवत नाही.
आज पुलावर टक, कोपऱ्यावर टक, सेंटरच्या गेटवर टक टक. कोन्सोर्सिया बाई मोजत होत्या. अकरा झाले, असं उतरताना म्हणाल्या. मी म्हणालो, नऊ. त्या म्हणाल्या, गणित मी शिकवलंय.

१२ सप्टेंबर, गुरुवार.
नेनिता म्हणाली, डेल्फिनला दाखव.
डेल्फिन तिचा धाकटा भाऊ. हमरस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. हातात पाना घेऊन जन्मल्यासारखा मिरवतो. मागच्या गावजत्रेत, टेबलाभोवती सगळे भात आणि डुकराचं मटण खात असताना, मी इंजिनाबद्दल बोलत होतो. तर हा मानाने मनोंग, म्हणजे दादा, अशी हाक मारून म्हणाला, जहाजावर तुम्ही चीफ इंजिनियरला सूप वाढायचात ना. सगळे हसले. नानायसुद्धा हसली.
वाढायचो. पण माणूस जेवताना कामाचंच बोलतो. अकरा वर्षं मी त्याचं बोलणं ऐकलं. ते शिक्षण नाही तर काय.
नेनिताला सांगितलं, त्या माणसाने माझ्या व्हॅनला हात लावला तर मी व्हॅन विकीन. ती म्हणाली, आधी चपलेचं बोल.

१४ सप्टेंबर, शनिवार.
रेडिओ मोठा केला. आवाज पूर्ण गेला. दोघींनाही ते मान्य करावं लागलं. निदान त्या बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार.
नानाय पायाखाली घ्यायला उशी घेऊन आली. हा सरळ माझा अपमान. विचारलं, हे काय. म्हणाली, प्रत्येक ठोका पार गुडघ्यापर्यंत येतो बाबा. येताना उशी कोन्सोर्सिया बाईंना दिसेल अशी वर धरून बसली.
घरी नेनिता रडली. म्हणाली, ती माझी आई आहे, तुझा प्रयोग नाही. गुरुवारची खेप झाली की एकदाचा निकाल लावतो, असं मी सांगितलं.

१८ सप्टेंबर, बुधवार.
निकाल आजच लावला. नेनिताला स्टेअरिंगवर बसवलं. डावीकडे फिरव, उजवीकडे फिरव. मी खाली झोपून डाव्या चाकाच्या एकेका सांध्यावर हात ठेवला. ठोका कुठल्या सांध्यात उठतो ते हाताला कळतं, हे मला चीफकडून माहीत आहे, मासळीच्या सूपच्या वेळी तो सांगत होता. डाव्या चाकात कुठेच ठोका नाही. आवाज मात्र येत होता.
निष्कर्ष: नेनिता स्टेअरिंग धक्क्याने फिरवते.
ती म्हणाली, दुसऱ्या बाजूला हात लावून बघ ना. तोवर ऊन चढलं होतं आणि तिकडे चिखल आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार. रात्री.
परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपात वळताना व्हॅन बसली. पुढचं चाक आडवं झालं. वेग फार नव्हता. पंपाचा उतार चुकीचा बांधलेला आहे, त्याबद्दल लेखी तक्रार करणार.
नानाय पुढे आपटली. कपाळाला टेंगूळ. ते काही नाही. पण डायलिसिस नुकतं झालेलं, रक्त पातळ करायचं औषध अंगात. हातावरची पट्टी सुटली आणि सुईच्या जागेतून रक्त यायला लागलं. थांबेना. मी कापड शोधत होतो. डॅशबोर्डच्या खणात कापड असतं, आज नव्हतं. कोन्सोर्सिया बाई मागून पुढे आल्या, त्याही नुकत्याच मशीनवरून उठलेल्या, नीट उभं राहता येत नव्हतं, आणि त्यांनी अंगठा त्या जागेवर दाबून धरला. मला म्हणाल्या, रिक्षा थांबव. मी उभाच होतो. परत म्हणाल्या, वर्गात म्हणतात तसं, सांतो, जा.
तीनचाकीत बसून त्या दोघी परत सेंटरला गेल्या. बाईंनी पूर्ण रस्ताभर अंगठा उचलला नाही. मी व्हॅनपाशी थांबलो, कारण व्हॅन सोडून जाता येत नव्हतं. कुणीतरी थांबायला हवंच होतं.
नेनिताने डेल्फिनला फोन केला. तो मोटरसायकलवर आला. माझ्याकडे बघितलं नाही. आधी विचारलं, आई कुठे आहे. मग सीटवरचं रक्त बघितलं आणि सेंटरकडे गेला. व्हॅन नंतर ओढून नेली.
नानाय संध्याकाळी सातला घरी आली. हाताला दोन टाके. भात खाल्ला नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार.
डेल्फिनच्या गॅरेजमध्ये. स्वतःच्या पायाने गेलो, हे नोंदवून ठेवतो.
त्याने पत्र्यावर तो तुकडा ठेवला. बॉल जॉइंट. गोळी खोबणीतून सुटलेली, खोबण झिजून चकचकीत झालेली. कुठल्या बाजूचा, असं मी विचारलं. त्याने उजवीकडच्या उघड्या चाकाकडे बघितलं. मग विचारलं, तुम्ही कुठे बघत होतात, मनोंग. मी म्हणालो, डावीकडे. सूपबद्दल काहीतरी बोलेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो बोलला नाही. उत्तर तसंच राहिलं.
मग म्हणाला, बसा स्टेअरिंगवर, बाकीचे सांधे तपासायचेत. तो खाली झोपला. म्हणाला, फिरवा. फिरवलं. थांबा. थांबलो. उलटं. असं पाऊण तास. एकदाही धक्क्याने फिरवलं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार.
दोघींना आज डेल्फिनच्या मित्राच्या जीपने नेलं. मी घरी. व्हॅनच्या सीटचा डाग घासला. मीठ, मग साबण, मग पुन्हा मीठ. शेजाऱ्याने भिंतीवरून विचारलं, काय सांडलं. मी त्याला त्याच्या कोंबड्यांबद्दल चार शब्द ऐकवले. डाग फिका झाला आहे. उन्हात दिसत नाही. सावलीत दिसतो.

२४ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी सव्वानऊ, सेंटरच्या बाहेर.
व्हॅन तयार. पहाटे साडेचारला दार उघडून उभा राहिलो. नानाय मागे कोन्सोर्सिया बाईंच्या शेजारी जाऊन बसली. म्हणालो, पुढे ये ना, आता काही लागणार नाही पायाला. ती म्हणाली, पुढे डेल्फिन बसणार आहे. मी म्हणालो, त्याला गॅरेज नाही का. ती म्हणाली, मी सांगितलंय त्याला. आता दर खेपेला तो येणार.
डेल्फिन पुढे बसला. चर्चचा कोपरा गेला, पूल गेला. काही आवाज नाही. मागे जपमाळही हळू आवाजात चालली होती. मी म्हणालो, ऐक, एकदम शांत.
डेल्फिन म्हणाला, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवा, मनोंग.
ठेवले.